आकाशाचे साक्षीदार

विदर्भातल्या लोकांना २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ सहसा विसरता येणार नाही. त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्रीच्या पावणेआठच्या सुमारास अनेक जिल्ह्यांत लोकांनी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. पश्चिमेच्या अंगाने आगीची एक रांगच्या रांग आली आणि पूर्वेकडे निघून गेली. तिच्यात लहानमोठे जळते गोळे होते, प्रत्येकाच्या मागे शेपूट होते, आणि सारे एकाच रेषेत चालले होते. कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले धूमकेतू आला, कोणी म्हणाले क्षेपणास्त्र आहे, तर कोणी हात जोडले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. लाडबोरी गावाजवळ माणसाच्या उंचीहून मोठे असे धातूचे एक कडे आकाशातून येऊन पडले होते. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले.

ते काय होते हे पुढे उलगडले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाचा वरचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला होता. तो खाली खाली येत अखेर वातावरणात शिरला आणि जळत तुटला, असे जाणकारांनी सांगितले. पण हे त्यांना कळले कसे? त्या टप्प्याची कक्षा त्यांना ठाऊक होती. ती कक्षा, लोकांनी जिथून जिथून हे दृश्य पाहिले ती गावे, आणि पाहण्याची वेळ ही तीन एकमेकांशी जुळली. म्हणजे निकाल लागला तो साक्षींवरून. 'काल रात्री काहीतरी मोठे जळत गेले' असे सांगणारे हजारो होते. त्यांच्या सांगण्याचा कथा म्हणून उपयोग झाला, पण पुरावा म्हणून झाला नाही. 'सात वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, माझ्या घराच्या उत्तरेला, अमुक इतक्या उंचीवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे, अर्धा मिनिट दिसले' असे जो सांगू शकतो तो खरा साक्षीदार.

वाचकहो, ह्या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच. आकाशाकडे पाहणारे पुष्कळ असतात, साक्षीदार थोडे असतात. आकाशनिरीक्षणाचे मंडळ म्हणजे असे साक्षीदार तयार करणारी शाळा होय. आणि ही शाळा काढण्यास यवतमाळ जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधूनही लवकर सापडावयाची नाही.

त्या रात्री थोडी सवय असलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट जागच्या जागी सांगता आली असती, ती म्हणजे ही उल्का नव्हे. उल्का म्हणजे अवकाशातला एखादा कण किंवा खडा. तो सेकंदाला ११ पासून ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वातावरणात घुसतो आणि सेकंद-दोन सेकंदांत संपतो. आपण 'ते बघा' म्हणेपर्यंत ती गेलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारा मानवी कचरा मात्र सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो सावकाश सरकताना दिसतो, तुटतो, आणि त्याचे तुकडे एकामागे एक रांगेने जातात. लोकांना घरातून बाहेर यायला आणि खिशातला फोन काढून चित्र घ्यायला सवड मिळाली, ह्यातच त्याची ओळख होती.

खरा आकाशातला दगडही आपल्या विदर्भात पडलेला आहे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि दगडांचा वर्षाव झाला. तीसएक तुकडे गोळा झाले. त्या दगडांचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट नावाचे खनिज असल्याचे प्रसिद्ध केले. हे खनिज आपल्या पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल विपुल आहे, पण तिथवर कोणाचा हात पोचत नाही. जे खाली खोदून मिळावयाचे नाही, ते काटोलच्या शेतात वरून आले. लोकांनी ते दगड उचलून जाणकारांच्या हाती दिले म्हणून हे कळले. देव्हाऱ्यात ठेवले असते किंवा बांधावर फेकले असते तर तो विषय तिथेच संपला असता.

आता मंडळांविषयी थोडे सांगतो. महाराष्ट्रात ही परंपरा आजची नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था समजली जाते. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे. त्या हिवाळ्यात हॅलेचा धूमकेतू येणार होता, आणि त्या एका पाहुण्यामुळे देशभर कितीतरी तरुणांनी पहिल्यांदा मान वर केली. आपल्या यवतमाळातही स्काय वॉच ग्रुपची मंडळी ग्रहणे, उल्कावर्षाव आणि ग्रहांच्या भेटीगाठी यांची माहिती लोकांपर्यंत पोचवीत असतात. ह्या साऱ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, दुकानदार आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे पोट ह्या विद्येवर चालत नाही, आणि हौशी म्हणजे तरी दुसरे काय?

मंडळाच्या रात्री काय चालते, असे तुम्ही विचाराल. अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून मंडळी गावाबाहेर जातात, सतरंज्या अंथरतात, एकजण नक्षत्रांची ओळख करून देतो. दुर्बिणीपाशी रांग लागते. शनीची कडी पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा 'हे चित्र तर चिकटवलेले नाही ना?' असेच विचारतो. उल्कावर्षावाच्या रात्री चौघे चार दिशांना तोंड करून निजतात, पाचवा मध्ये वही घेऊन बसतो, आणि 'एक, उत्तरेला, ठळक' अशा आरोळ्या पहाटेपर्यंत चालतात. मार्चच्या अखेरीस काही मंडळे आणखी एक शर्यत लावतात. मेसिए नावाच्या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतले ११० तारकापुंज, तेजोमेघ आणि दीर्घिका संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकाच रात्रीत गाठावयाच्या! त्यात जिंकण्यापेक्षा जागे राहणेच कठीण असते.

ह्यासाठी यवतमाळ जिल्हा सोयीचा का? पहिली गोष्ट, अंधार. यवतमाळ, पुसद, वणी असली शहरे सोडून दहा-पंधरा किलोमीटर आत गेले, घाटंजी-केळापूरच्या जंगलाच्या बाजूला किंवा पैनगंगेच्या काठाला गेले, की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोठ्या शहरांतल्या मुलांना हा पट्टा पुस्तकातच पाहावा लागतो. असा अंधार ही आता संपत्ती मानली जाऊ लागली आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे विदर्भातल्या अंधाराची किंमत बाहेरच्या जगाने ओळखली.

दुसरी गोष्ट, आपले स्थान. यवतमाळ हे २० अंश २३ कलांच्या आसपासच्या उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे उत्तरेचे आकाश तर दिसतेच, पण दक्षिणेचेही पुष्कळसे दिसते. फेब्रुवारीत रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर झगझगीत व्याध दिसेल. त्याच्या बराच खाली एकटाच तेजस्वी तारा आहे, तो अगस्त्य. मे महिन्यात नऊच्या सुमारास त्याच दिशेला क्षितिजालगत चार ताऱ्यांचा छोटा त्रिशंकू उभा असतो, आणि पुढे डावीकडे मित्र व मित्रक हे दोन तारे येतात. ह्यातला मित्र म्हणजे सूर्याशिवाय आपल्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची वस्ती. तरी त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाचार वर्षांहून अधिक काळ लागतो. लंडन-पॅरिसच्या माणसाला हे तारे पाहावयाचे तर हजारो किलोमीटर प्रवास करावा लागतो. तुम्हाला मात्र समोरची बाभळीची रांग टाळली की पुरे.

आणि तिसरी गोष्ट, आपली माणसे. ओलिताची वीज रात्री मिळते म्हणून पाण्याच्या पाळीला जाणारा, रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसणारा शेतकरी वर्षातल्या जितक्या रात्री उघड्यावर काढतो, तितक्या वेधशाळेतला माणूसही काढीत नसेल. त्याला आकाश नवे नाही. फक्त त्याने पाहिलेले कोणी लिहून घेतलेले नाही.

आपल्याकडे जुने ज्ञान थोडेथोडके नाही. मृग लागला की पेरणीची लगबग, हस्ताचा पाऊस, मघाचा पाऊस ही भाषा घराघरांत आहे. पण मृग लागतो म्हणजे काय होते? पुष्कळांची समजूत असते की त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात दिसते. खरे तर उलट आहे! ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणजे ते तारे दिवसा सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात. म्हणून त्या दिवसांत मृग दिसूच शकत नाही. तो पाहावयाचा असेल तर डिसेंबर-जानेवारीतली थंडीची रात्र गाठली पाहिजे. पावसाची नक्षत्रे ही अशी दिवसाची नक्षत्रे आहेत. ही एक गोष्ट जरी शाळेच्या पोराने आपल्या आजोबांना समजावून सांगितली, तरी दोघांचेही पंचांग जिवंत होईल.

आणि आजोबांनीही पोराला सांगावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पाठोपाठ कोलाम आणि बंजारा समाजांविषयीही असेच काम झाले. हे तिन्ही समाज आपल्या जिल्ह्यात नांदतात. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांच्या चौकोनाला गोंड लोक म्हातारीची बाज म्हणतात, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवू पाहणारे चोर. मृगाच्या पट्ट्यात त्यांना नांगर दिसतो. ग्रीकांना तिथे शिकारी दिसला, आपल्या पुराणांना बाण लागलेले हरीण दिसले, आणि ज्याची दिवसभर जमिनीशी गाठ त्याला नांगर दिसला! अजूनही पोडांवर आणि तांड्यांवर अशी नावे सांगणारी म्हातारी माणसे आहेत. मंडळाच्या वहीची काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवा. तारे हजारो वर्षे तसेच राहतील, ही माणसे मात्र राहणार नाहीत.

आता प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी ते पाहू. एक पैसाही खर्च करू नका. अमावास्येच्या जवळपासची रात्र, मोकळी जागा, एक सतरंजी, एक वही, एक घड्याळ आणि एक विजेरी. विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटीनचा कागद बांधा. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या प्रकाशाची एक झळ लागली की ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. लाल प्रकाशाने हे नुकसान कमी होते. फोनचा पडदा हा ह्या कामातला सर्वांत मोठा शत्रू, तेव्हा तो खिशातच राहू द्या.

मोजमापाला आपला हात पुरेसा आहे. हात पुरता लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. मधली तीन बोटे ५ अंश, करंगळीचे टोक १ अंश. आता उत्तरेकडे तोंड करा आणि क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवून दोन मुठी वर जा. तिथे मध्यम तेजाचा एक तारा दिसेल, तोच ध्रुव. दोनच मुठी का? कारण ध्रुवाची उंची म्हणजेच तुमच्या गावाचा अक्षांश. काश्मिरात तो साडेतीन मुठींवर दिसेल, कन्याकुमारीला एकाच मुठीच्या आत. तुमच्या अंगणात उभे राहून, नकाशा न पाहता, तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात हे तुम्ही मोजले.

दिवसाही एक प्रयोग आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यासाठीच जणू बेतलेला आहे. वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून हा दिवस आधी दक्षिणेकडच्या उमरखेडला येतो, १८ मेच्या सुमारास. मग पुसद, पांढरकवडा असे करीत २१-२२ मेच्या सुमारास तो यवतमाळला पोचतो आणि त्यानंतर नेरला. सावली जणू जिल्हाभर पायी चालत जाते! यवतमाळला ही वेळ घड्याळाच्या बारावर येत नाही, १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास येते. कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि आपले गाव त्याच्या पश्चिमेला. जुलैच्या २०-२१ तारखेला सूर्य परतताना हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांची मर्जी लागते.

उमरखेडला सावली शून्य असते त्याच दुपारी यवतमाळला एक मीटर उंच काठीची सावली दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर पडते. तेवढ्यावरून कोन निघतो, पाऊण अंशापेक्षा थोडा जास्त. दोन गावांतले दक्षिणोत्तर अंतर नव्वदएक किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? उत्तर येते चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पृथ्वीचा परीघ. इराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मिसर देशात हेच केले होते. मात्र इथे एक अडचण आहे. सावलीची कड पुसट असते, आणि मोजणीत दोन मिलिमीटर चुकले तर उत्तर पाच-सहा हजार किलोमीटरने हुकते. ह्यावर उपाय एकच. एका शाळेने न करता दहा शाळांनी करावे, आणि सरासरी काढावी. एकट्या साक्षीदाराची चूक दहा साक्षीदारांत विरून जाते. मंडळ हवे ते ह्यासाठी.

वहीकडे पुन्हा येऊ, कारण सारे सार तिथेच आहे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, वेळ, जागा, दिशा-उंची, आणि आकाशाची स्थिती. 'छान दिसले' ही नोंद नव्हे. 'रात्री १.१० ते २.१०, उल्का तेवीस, ढग नाहीत, चंद्र मावळलेला' ही नोंद. काही दिसले नाही तर तेही लिहा. 'ढग' हा एक शब्दसुद्धा नोंद आहे.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. दुर्बीण त्या काळी इतरांकडेही होती. पण त्याने त्या ठिपक्यांच्या जागा रात्रीमागून रात्र कागदावर मांडल्या, ठिपके तिनाचे चार झाले, आणि ते गुरूभोवती फिरतात हे त्या कागदावरून उलगडले. आपल्या देशातले उदाहरण हवे तर जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांचे घ्या. सरकारी खजिन्यातली साधी नोकरी, मॅट्रिकच्या परीक्षेत अपयश. १९१८ साली गरुड राशीत नवा तारा चमकला तो ह्या गृहस्थांनी आपल्या लहान दुर्बिणीतून पाहिला आणि टिपला. पुढे १९१९ ते १९५४ अशी पस्तीस वर्षे ते तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेला पाठवीत राहिले. एकूण नोंदी ३७ हजारांहून अधिक! त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठविली. पदवी कोणी विचारली नाही, वही पाहिली.

अशा कामाला दुर्बीण लागतेच असे नाही. मृगातला तांबूस काक्षी तारा २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाले. शास्त्रज्ञांनी पुढे निष्कर्ष काढला की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. एरवी रोहिणीहून उजळ असणारा काक्षी त्या हिवाळ्यात तिच्याहून फिका पडला होता. दर आठवड्याला ह्या दोन ताऱ्यांची तुलना करून एक ओळ लिहिणाऱ्या शाळकरी मुलीलाही तो पकडता आला असता.

चंद्रग्रहणाचेही तसेच आहे. खग्रास ग्रहणात चंद्र नाहीसा होत नाही, तो तांबूस होतो. कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला प्रकाश त्याच्यावर पडतो. वातावरणात धूळ अधिक असेल तर चंद्र काळवंडतो, हवा स्वच्छ असेल तर तांब्यासारखा उजळ दिसतो. दांजों ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने यासाठी शून्यापासून चारपर्यंत एक साधी पट्टी ठरवून दिली आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ११ ते १२.२२ ह्या वेळात असे खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसणारे होते. अशा वेळी दारे लावून बसण्यापेक्षा अंगणात बसून एक आकडा लिहावा. चंद्रग्रहण डोळ्यांना मुळीच अपाय करीत नाही. सूर्याचे मात्र तसे नाही. प्रमाणित गाळणीवाचून सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, कधीही पाहू नका. दुर्बिणीतून तर क्षणभरही नको, दृष्टी कायमची जाते.

दुर्बिणीचा विषय निघालाच आहे. '५०० पट मोठे दिसेल' असे छापलेली स्वस्त खेळणी घेऊ नका. आधी सहा महिने डोळ्यांनी पाहा. मग सात पट मोठे दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. तिच्यातून चंद्राची विवरे, कृत्तिकांचा झुबका, गुरूचे उपग्रह, आणि नोव्हेंबरच्या रात्री देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपकाही दिसतो. तो प्रकाश निघाला तेव्हापासून पंचवीस लाख वर्षे लोटली आहेत. मोठी दुर्बीण दहाजणांनी मिळून घ्यावी.

गावात हे काम काढले की लोक विचारतात, 'मग आमच्या पोराचा शनी कधी उतरेल?' रागावू नका. त्याला शनी दाखवा. कडी पाहिली की मनातला शनी थोडा उतरतोच. रात्रीचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात ठेवा, पालकांनाही बोलवा, म्हणजे मुलींनाही येता येईल. शेतात बसावयाचे असेल तर पायांत बूट आणि हातात काठी असू द्या. साप नक्षत्रे पाहत नाहीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौकाचौकांत उंच खांबांवर पांढरे दिवे आले आहेत. दिवे हवेतच, पण त्यांचा प्रकाश जमिनीवर पडावा. वर गेलेला प्रकाश फुकट जातो आणि आकाश पुसून टाकतो. दिव्यावर टोपी बसवली आणि मध्यरात्रीनंतर प्रकाश कमी केला तर गावाचे काही बिघडत नाही, विजेचे बिल मात्र उतरते. पण ग्रामपंचायतीपुढे हे मांडावयाचे तर पुरावा हवा. म्हणून एक नोंद दरवर्षी करा. मे महिन्यात, चंद्र नसताना, ठरलेल्या जागेवरून, ध्रुवमत्स्याच्या सात ताऱ्यांपैकी किती दिसतात ते मोजा. चांगल्या अंधारात सातही दिसतात. दिव्यांच्या गावात ध्रुव आणि पलीकडच्या टोकाचे दोन, असे तीनच उरतात. यंदा सात, पाच वर्षांनी पाच, दहा वर्षांनी तीन अशी वही पुढे ठेवली की मग वाद घालावा लागत नाही.

येत्या अमावास्येला चौघांना बोलवा. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर गावाचे नाव, अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहा. पहिली नोंद ध्रुवाची करा: दोन मुठी, उत्तर, आकाश निरभ्र. दुसरी नोंद करायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जमा.